वाटून घेतलेला अभ्यास

टी.वाय.ला केमिस्ट्रीच्या आम्हा पाच जणांचा ‘स्टडी ग्रुप’ होता, पण खरं तर ते वाटणीपत्रच होतं. एकेकाने एकेक युनिट घ्यायचं, नोट्स काढायच्या, बाकीच्यांनी झेरॉक्स मारायची. ऑरगॅनिकचं युनिट ज्याच्या वाट्याला आलं त्याला ते समजलं. उरलेल्यांनी पाठ केलं.

पेपरात टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड आलं. ‘प्रबळ न्यूक्लिओफाइल म्हणजे एसएन-२’ एवढंच आम्हाला पाठ होतं, म्हणून चौघांनी बिनदिक्कत ईथर लिहिला. पण त्या कार्बनभोवती तीन मिथाइल गटांची गर्दी असते, मागून शिरायला वाटच नसते. इथॉक्साइड शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढतं आणि मुख्यतः २-मिथाइलप्रोपीन मिळतं.

पुढच्या सेमिस्टरला वाटणी बंद झाली. प्रश्न आधी एकट्याने सोडवायचे, मग रिकाम्या वर्गात फळ्यावर मांडायचे. मेकॅनिझम काढणाऱ्याला आम्ही हटकून विचारायचो, ‘बाण कुठून निघाला?’ वक्र बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीची वाट दाखवतो. तो प्रोटॉनपासून काढला की सगळंच उलटं होतं. स्वतःच्या वहीत ही चूक दिसत नाही, फळ्यावर लगेच पकडली जाते.

आधी एकट्याने, मग गटाने ही रीत काही आमचीच नव्हती. गणिताचे अभ्यासक यूरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात बर्कले विद्यापीठात कॅल्क्युलसचे विद्यार्थी जवळून पाहिले. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, पण बहुतेक एकेकटी अभ्यास करत आणि मागे पडत. चिनी वंशाची मुलं आधी एकटी झगडत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. ट्राइसमन यांनी गटांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत उजळणी नव्हती, मुद्दाम अवघड प्रश्न होते.

म्हणून सांगतो, गट तीन ते पाच जणांचा ठेवा. जर्नल उतरवायला जमू नका. प्रत्येकाने आपण नेमके कुठे अडलो ते घेऊन यावं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, कारणं मात्र बेधडक मराठीत सांगावीत. सगळेच अडले, तर ‘सर, समजलं नाही’ म्हणू नका; अडलेली पायरी दाखवा.

आणि काहीच अभ्यास न करता गटात येणाऱ्याच्या हातात सर्वांत आधी खडू द्या. एक-दोनदा फळ्यापाशी अडकला की तो एकतर सोडवून येतो, नाहीतर यायचा थांबतो. गटाचं दोन्हींत भलंच होतं.