रायफलीचे वजन आणि नवे पदार्थ

जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यावर ‘जयबाण’ नावाची तोफ आहे. सवाई जयसिंहाच्या कारकीर्दीत, १७२० साली, ती याच किल्ल्यातील ओतशाळेत ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५० टन भरते. जाड धातूने दारूचा दाब सोसावा आणि अवजड देहाने मागे बसणारा धक्का पचवावा, हे त्या काळच्या शस्त्रविद्येचे सरळ तत्त्व होते. परंतु तोफ एका जागी राहू शकते. रायफल मात्र माणसाला वाहून न्यावी लागते. शस्त्राला वजन हवे असते आणि वाहणाऱ्याला ते नको असते. हलक्या रायफलीविषयीचे सारे मतभेद या एका विरोधातून निर्माण झालेले आहेत.

हे वजन कमी करण्याचे मुख्य साधन म्हणजे संमिश्र पदार्थ होत. त्यांची कल्पना फारशी अपरिचित नाही. कुडाच्या भिंतीत कारवीच्या काटक्या ताण सोसतात व माती त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. त्याच रीतीने काचेचे किंवा कर्बाचे बारीक तंतू राळेत बसवून नवा पदार्थ तयार करतात. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, तर कर्बतंतूंच्या संमिश्र पदार्थाचे अवघे १.६ ग्रॅमच्या आसपास असते. शिवाय अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हवेतील ओलाव्याने पावसाळ्यातील दारासारखा फुगतो व वाकतो आणि त्याचा दाब नळीवर येऊन नेम बिघडतो. संमिश्र दस्त्याला हा दोष जवळजवळ नसतो.

तथापि दस्त्याला जे मानवते ते नळीला मानवेलच असे नाही. १९५७ साली अमेरिकेत आर्मालाइट कंपनीच्या एआर-१० या हलक्या रायफलीची कठोर चाचणी झाली. तिच्या नळीत पोलादी अस्तरावर ॲल्युमिनियमचे आवरण होते. चाचणीत ती नळी फुटली आणि कंपनीला पोलादी नळीकडे परतावे लागले. तिचा प्लॅस्टिकचा दस्ता मात्र टिकला आणि पुढे एम-१६ रायफलीच्या रूपाने ती पद्धत जगभर पसरली. आज कर्बतंतू गुंडाळलेल्या नळ्याही मिळतात, पण त्यांच्या गाभ्यात गोळीचे घर्षण व दाब झेलणारी पोलादी नळी असतेच. राळ उष्णता चटकन बाहेर सोडत नाही. त्यामुळे एकामागून एक पुष्कळ गोळ्या झाडणाऱ्याने अशा नळीविषयी सावध राहणे योग्य ठरते.

भारताचा अनुभवही असाच संमिश्र आहे. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आखलेल्या इन्सास रायफलीच्या काही भागांत प्लॅस्टिक वापरलेले होते. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीमुळे तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी झाल्या. पदार्थ हलका आहे एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या हवामानात वापरला जाणार, हेही पाहावे लागते. त्याच संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलसह तयार केलेले ‘अस्मी’ हे ९ मि.मी.चे यंत्र-पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याच्या सांगाड्याचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा, तर खालचा कर्बतंतूंचा आहे. दाबाचा भार कोठे पडतो हे ओळखूनच पदार्थाची निवड करावी, हे सूत्र येथे दिसते.

आता धक्क्याचा विचार करू. गोळी व दारू तीच ठेवून रायफलीचे वजन ४ किलोवरून ३ किलोवर आणले, तर तिचा मागे येण्याचा वेग आणि त्या धक्क्याची ऊर्जा, दोन्ही एक-तृतीयांशाने वाढतात. पदार्थ कितीही नवा असला तरी या नियमातून सुटका नाही. दस्त्याच्या टोकाला रबराची गादी बसवून किंवा लहान काडतूस वापरून धक्का सुसह्य करता येतो, एवढेच.

म्हणूनच एकाच गावात दोन विरुद्ध मते खरी असू शकतात. २००५ सालापासून जयपूर येथे भूसेनेच्या नैऋत्य कमांडचे मुख्यालय आहे. राजस्थानच्या वाळवंटात पायी चालणाऱ्या जवानाच्या शस्त्राचे वजन एक किलोने घटले, तर तेवढ्याच ओझ्यात एक लिटर पाणी अधिक नेता येते. उन्हाळ्यात या पाण्यावर त्याचे प्राण अवलंबून असू शकतात. याच जयपूरच्या अपूर्वी चंदेला यांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, आणि अवनी लेखरा यांनी २०२१ व २०२४ च्या पॅरालिम्पिक स्पर्धांत, १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदके मिळवली. या प्रकारात रायफल ५.५ किलोपेक्षा जड नसावी असा नियम आहे. त्या मर्यादेच्या आत नेमबाज बहुधा वजन टाळत नाहीत. उलट लहान वजने जोडून तोल साधतात, कारण जड नळी हाताच्या सूक्ष्म कंपाने सहज ढळत नाही.

तेव्हा हलकी रायफल चांगली की जड, या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही. किती चालायचे, किती गोळ्या झाडायच्या आणि कोणत्या हवेत, हे ठरल्यावाचून वजनाची चर्चा निष्फळ होय. नव्या पदार्थांनी वजन कोठे ठेवावे आणि कोठून काढावे, याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्या स्वातंत्र्याचा उपयोग करताना शस्त्र वाहणाऱ्या माणसाची गरज प्रथम विचारात घेतली पाहिजे.