खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बदललेलं ऑइल

भिसे खिंडीचा चढ अर्धा झाला आणि मागच्या आरशात रस्ता दिसेनासा झाला. आधी वाटलं, एखादा ट्रक धूर सोडत मागून येतोय. ट्रक नव्हताच. पांढरा, दाट धूर माझ्याच गाडीच्या सायलेन्सरमधून निघत होता आणि जळक्या तेलाचा वास आत येत होता. मागच्या मोटारसायकलवाल्याने शेजारी येऊन काचेवर थाप मारली. "दादा, बंद करा आधी गाडी!" मी बंद केली. त्या अनोळखी माणसाचं ऐकलं, म्हणून इंजिन वाचलं.

माझं घर पेणला, धाटाव एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट. गाडी 2010 ची पोर्शे बॉक्स्टर, जुनी घेतलेली. अशा पंधरा वर्षांच्या गाड्या आता नव्या मोठ्या एसयूव्हीच्या किमतीत मिळतात आणि घेणारा तिथेच चुकतो. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, देखभालीचा खर्च मात्र उतरत नाही. सचिन तेंडुलकरला 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते फेरारी मिळाली, त्यानंतर तिच्या 1 कोटी 13 लाखांच्या आयात शुल्कावर देशभर चर्चा झाली. तशा गाडीचं ऑइल बदलायला काय लागतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. गाडी घेताना मीही विचारलं नाही.

त्या वर्षी जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्येच होती. मागच्या सर्व्हिसनंतर जेमतेम 900 किलोमीटर झाले होते, म्हणून ऑइल बदलणं पुढे ढकलत गेलो. ही पहिली चूक. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी उभी राहते, मधेच बाजारापर्यंत जाऊन येते, इंजिन नीट तापत नाही आणि आतला दमटपणा ऑइलमध्ये उतरतो. दसऱ्याच्या सुमारास फिलरचं झाकण उघडलं तर खालच्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट थर. कोकणात अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर नव्हे, तारखेवर बदलायचं. वर्ष झालं की बदललंच पाहिजे, मग गाडी कितीही कमी फिरलेली असो.

मुंबईच्या अधिकृत वर्कशॉपने 46 हजार सांगितले. मी घरी हिशोब मांडला: साडेसात ते आठ लिटर ऑइल, साधारण 11 हजार. फिल्टर, वॉशर वगैरे साडेतीन हजार. मग वरचे 30 हजार कशाचे? हायवेला एक मेस्त्री माझ्या ओळखीचा होता, पिकअप आणि ट्रकच्या कामात हात बसलेला. सामान मी स्वतः आणलं आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे गाडी नेली. दसऱ्याच्या पूजेसाठी आपापली गाडी तयार करून घ्यायला त्या दिवशी अख्खा तालुका गॅरेजमध्ये असतो. तो दिवस निवडला, ही दुसरी चूक.

ऑइल बरोबर होतं, हे मुद्दाम सांगतो. नुसतं 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं पुरत नाही. 0डब्ल्यू-40 हा झाला घट्टपणा. त्याशिवाय डब्याच्या मागच्या लेबलवर गाडीच्या कंपनीची मंजुरी छापलेली लागते. माझ्या गाडीला 'पोर्शे ए40'. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू यांचे आकडे वेगळे असतात, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात. डबा सीलबंद घ्या आणि रिकामा झाला की भोक पाडूनच भंगारात द्या. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतंच ऑइल भरून विकणारे आहेत.

गाडी इतकी बुटकी की मेस्त्रीचा जॅक खाली जाईना. म्हणून पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढवली. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे असतं, ते वरून दिसतही नाही. ऑइल ओतायचं तोंड मागच्या डिकीत. मेस्त्रीने खालची पत्र्याची आणि प्लॅस्टिकची आवरणं काढली, जुनं ऑइल उतरवलं, फिल्टर बदलला, नवा वॉशर घालून ड्रेन प्लग लावला, साडेसात लिटर ओतलं. इथपर्यंत सगळं नीट झालं होतं.

या गाडीला ऑइल मोजायची पट्टी नाही. पातळी डॅशबोर्डच्या पडद्यावर दिसते. मी चावी फिरवली, तर रेघ किमान खुणेच्या खाली. मेस्त्री म्हणाला, "शेठ, जरा थांबू या. आत्ताच ओतलंय, खाली बसायला टाइम लागतो." मला घाई होती. त्याच्याकडे दहा गाड्या रांगेत होत्या. मीच म्हटलं, ओत. एक लिटर ओतलं. रेघ थोडी हलली. मग अर्धा, मग आणखी अर्धा. रेघ मधोमध आली, मी पैसे दिले आणि निघालो.

पुढची चाकं तेव्हाही फळ्यांवरच होती.

गाडीचं तोंड वर, त्यामुळे सेन्सरला पातळी कमी दिसत होती. इंजिनमध्ये जवळपास दोन लिटर जास्त ऑइल गेलं. दुसऱ्या दिवशी युनिटवर मशीनची पूजा होती, म्हणून वडखळ, नागोठणे करत रोह्याकडे निघालो. सपाटीवर काही कळलं नाही. जास्तीचं ऑइल आत घुसळून फेसाळत होतं. इंजिनमधल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा एक भाग असतो, त्याला ते आवरेना. खिंडीच्या चढावर ते थेट हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये ओढलं गेलं आणि जळू लागलं.

खिंडीतून गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकवर मुंबईला नेली, त्याचे 14 हजार. पुढची चाकं उचलून ओढत न्यायला मी नकार दिला, तेवढं एक शहाणपण त्या दिवशी केलं. ऑइल वेगळं करणारा तो भाग बदलला, हवेची सगळी वाट खोलून साफ केली, प्लग बदलले, ऑइल पुन्हा नवं. बिल 1 लाख 42 हजार. वाचवायला गेलो होतो 30 हजार.

मला आजही लागतं ते असं, की हे मला येत होतं. धाटावच्या कारखान्यांत पंपाच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना मी शेकडो वेळा उभा राहिलोय. मशीन बंद, बेस सपाट, ऑइल स्थिरावू दे, मग काचेतून पातळी बघ. कमी ऑइलइतकंच जास्त ऑइलही वाईट, हे मी माझ्याच पोरांना शिकवलंय. स्वतःच्या गाडीपाशी मात्र पडद्यावरच्या रेघेवर विसंबलो आणि चाकांखालच्या फळ्या विसरलो.

ते 30 हजार कशाचे, हे आता कळलं. गाडी चारही चाकांवर सारखी उचलणारी लिफ्ट, माझ्या गाडीचा ड्रेन प्लग 50 न्यूटन-मीटर आणि फिल्टरची वाटी 25 न्यूटन-मीटरवर आवळणारा टॉर्क पाना, फिल्टरच्या वाटीला बसणारा खास सॉकेट, संगणकावर तपासणी, आणि पुढे काही बिघडलं तर जबाबदारी घेणारा माणूस. बुगाटी व्हेरॉनसारख्या गाडीला तर सोळा ड्रेन प्लग उघडावे लागतात आणि ऑइल बदलण्याचा खर्च 20 हजार डॉलरच्या वर जातो. तिथेही मोल ऑइलचं नसतं, तिथवर पोचण्याच्या कामाचं असतं.

तरीही बाहेर काम करून घ्यायचं असेल तर घ्या, चांगले मेस्त्री आपल्याकडे आहेत. फक्त स्वतः उभे राहा. निघालेलं जुनं ऑइल मापाच्या डब्यात मोजून घ्या. माझं सात लिटर निघालं होतं. तो आकडा समोर असताना साडेनऊ लिटर आत जाऊच कसं शकतं, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. आधी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमीच ओता. गाडी सपाट जमिनीवर आणा, इंजिन तापवा, पुस्तकात सांगितलंय तेवढं थांबा. काही मॉडेलना पातळी इंजिन बंद ठेवून बघतात, काहींना चालू ठेवून, हे आधी वाचून ठेवा. मगच थोडं थोडं वाढवा. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरा. त्यात धातूची चमक दिसली तर गाडी चालवू नका. आणि पळस्पे-इंदापूर रस्त्याच्या खड्ड्यांतून बुटकी गाडी नेत असाल, तर खालचं आवरण आणि ड्रेन प्लग दर दोन महिन्यांनी खाली वाकून बघा.

जुनं ऑइल आपल्याकडे सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला नेतात, उरलेलं गटारात जातं. गटार पेणला भोगावतीला मिळतं, रोह्याला कुंडलिकेला. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे देणाऱ्या वर्कशॉपलाच परत करा.

अशी गाडी घ्यायचं मनात असेल तर बयाणा देण्याआधी अधिकृत वर्कशॉपला एक फोन लावा. ऑइल बदलायचे किती घेता, एवढंच विचारा. तो आकडा दरवर्षी भरायची तयारी असेल, तरच गाडी बघायला जा.