दोघे सोबत चालले

आजचं वाचन: उत्पत्ती 22:1-14



मोरियाच्या वाटेवरची ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. आज फक्त एका बारीक गोष्टीपाशी थांबू या. बाप-लेक सोबत चालत गेले, हे वचन 6 च्या शेवटी सांगितलंय आणि वचन 8 च्या शेवटी पुन्हा तेच. कोडमध्ये एकच ओळ दोनदा दिसली तर मी एक काढून टाकेन. यहूदी भाष्यकार मात्र तिथेच थांबून विचारतात, "दोनदा का?"

फ्रान्समधल्या त्र्वा शहरातले रब्बी श्लोमो यित्झाकी (1040-1105) 'राशी' या नावाने ओळखले जातात. त्यांचं उत्तर असं: पहिल्यांदा पुढे काय होणार हे फक्त अब्राहामाला माहीत होतं. मग इसहाकाने कोकराबद्दल विचारलं, आणि बापाच्या उत्तरातून त्याला कळलं की कोकरू नसेल तर आपणच. तरीही तो तितक्याच मनाने सोबत चालत राहिला.

त्याचं वय किती होतं? इसहाक झाला तेव्हा सारा 90 वर्षांची होती आणि ती वारली 127 व्या वर्षी. तिचा मृत्यू या घटनेशी जोडून जुने रब्बी इसहाकाचं वय 37 धरतात. इब्न एज्रा हे दुसरे भाष्यकार म्हणतात, नाही, तो 13 च्या आसपासचा असावा. पण 37 धरलं तर बाप 137 वर्षांचा. त्याला बळजबरी करता आली नसती!

आता योहान 10:18 वाचा. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण तो स्वतः होऊन देतो, असं प्रभू येशू सांगतो. "स्वतःच्या पुत्राला मरू देणारा हा कसला पिता?" हा प्रश्न मित्र विचारतात, कधी आपल्याही मनात येतो. राशी वाचल्यावर मला वधस्तंभाच्या वाटेवरही ते दोघे एकमनाने चालताना दिसतात.

पण जपून. राशी येशूबद्दल लिहीत नव्हते. त्यांच्या तोंडी आपलं म्हणणं घालू नये. ज्या वर्म्स आणि माइन्समध्ये ते शिकले, तिथल्या यहुद्यांची 1096 मध्ये क्रूसाचं चिन्ह लावलेल्या लोकांनीच कत्तल केली. पुढे निकोलस ऑफ लायरा या फ्रान्सिस्कन साधूने राशींचं भाष्य आदराने अभ्यासलं, आणि त्याच्या पुस्तकांतून ते कितीतरी ख्रिस्ती वाचकांपर्यंत पोहोचलं. म्हणून आपणही शिष्यासारखं, नम्रपणे वाचू या.

आज करून बघा: एक अध्याय सावकाश वाचा. पुन्हा आलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि विचारा, "दोनदा का?"

प्रार्थना: हे पित्या, पुढे काय आहे हे कळल्यावरही तुझ्यासोबत चालत राहण्याचं धैर्य दे. ज्यांच्याकडून तुझं वचन आमच्यापर्यंत आलं, त्या यहुदी लोकांचा मान राखायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने, आमेन.