अंगणातले पाहुणे

प्रश्न : आमचं घर वडनेर भोलजीत, गावाच्या कडेला आहे. दारात कडुनिंब, मागं शेत. ज्वारी पाखडताना सांडलेले दाणे टिपायला चिमण्या, होले, साळुंक्या यायच्या, आता आम्ही रोज मुद्दाम मूठभर टाकतो. दोन खारी पायरीपर्यंत येतात. सातभाईंचा कलकलाट असतो. दुपारी मुंगसाची जोडी कुंपणातून जाते, मधूनमधून वानरांचा कळपही येतो. नातवंडं मोबाइल सोडून हे बघत बसतात. पण शेजारी म्हणतात, रानच्या जिवांना सवय लावू नये. आई म्हणते, दारी आलेल्याला उपाशी पाठवू नये. खरं कोणाचं? आणि नातीचा एक प्रश्न : रामानं खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, मग आमच्या खारीला पाच पट्टे कसे?
– एक वाचक, वडनेर भोलजी (ता. नांदुरा, जि. बुलढाणा)

उत्तर : आधी नातीचं. तिनं बरोबर मोजलं. आपल्या देशात घराजवळ दिसणाऱ्या खारी मुख्यतः दोन जातींच्या : दक्षिणेकडची तीनपट्टी आणि उत्तर व मध्य भारतातली पाचपट्टी. पाचपट्टीच्या पाठीवर तीन ठळक पट्टे असतात आणि दोन्ही कुशींवर एकेक फिकट. खार थोडी वळली की ते फिकट पट्टे दिसतात. सेतूची गोष्ट रचणाऱ्यानं दक्षिणेकडची खार पाहिली असावी, सेतूही त्याच बाजूला! भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, हा या खारीचाच थोरला भाऊबंद.

आता आई आणि शेजारी. दोघांचंही खरं आहे, पण अर्धं अर्धं. आईच्या बाजूला जुनी रीत आहे : गोग्रास, काकबळी, मुंग्यांना चिमूटभर साखर. या सगळ्यात एक माप होतं. घास, मूठ, चिमूट. पोतं कोणी ओतत नव्हतं. शेजाऱ्यांची भीती आहे ती हे माप सुटण्याची. दादरचा कबुतरखाना आठवा. कबुतरांची विष्ठा आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसाचे विकार होतात म्हणून 2025 साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचा आदेश निघाला आणि केवढा वाद पेटला! दाणे टाकणाऱ्यांच्या मनात दयाच होती, फक्त हात आखडला नाही.

मग काय टाकावं आणि किती?

ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी उत्तम. वऱ्हाडात ज्वारीचा पेरा घटला, कपाशी आणि सोयाबीन वाढलं. कपाशीच्या शेतात चिमणीला टिपायला दाणा नाही, म्हणून तुमच्या मुठीला मोल आहे. तासाभरात संपेल एवढंच टाका. संध्याकाळी अंगणात दाणा उरला तर रात्री उंदीर येतात आणि उंदरामागं नाग किंवा घोणस. हा हिशेब तुमच्या भागात कोणाला समजावून सांगायला नको.

खारीला भुईमुगाची शेंग टरफलासकट द्या. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कठीण काही कुरतडल्याशिवाय ते झिजत नाहीत. नातीला सांगा, खार शेंग खाताना नीट बघ : ती मागच्या पायांवर बसते, पुढच्या चार-चार बोटांत शेंग धरून फिरवते, एका टोकाला दात लावते, टरफल खाली आणि दाणा गालात. शेपूट मात्र सारखी झटकत असते, कारण डोळा मांजरावर असतो. शेंगा खारवलेल्या नकोत. बुरशी आलेले दाणे तर कोंबड्यांनाही नकोत, त्या बुरशीचं विष पाखरांना मारतं. फरसाण, बिस्कीट, दूध-पोळीही नको. पाखरांना दूध पचत नाही.

आणि चिमणीचं पिल्लू दाण्यावर वाढत नाही, त्याला अळ्या लागतात. दारच्या कडुनिंबावर, भाजीच्या वाफ्यावर औषध फवारलंत तर मुठीनं दिलेलं फवाऱ्यानं काढून घेतल्यासारखं होईल. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस 2010 पासून पाळला जातो. त्यामागं आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत.

दाण्यापेक्षा मोठं काही देता येईल?

पाणी. नांदुरा तालुक्याला पूर्णेचा खारपाणपट्टा लागलेला आहे. तिथं विहिरीच्या पाण्याची चव तुम्हाला ठाऊकच आहे. समुद्रपक्ष्यांना जादा मीठ बाहेर टाकायला खास ग्रंथी असते, चिमणी-बुलबुलाला ती नसते. त्यामुळं वैशाखाच्या उन्हात गोड पाण्याचं एक पसरट मातीचं भांडं हे तुमच्या अंगणातलं सगळ्यांत मोठं दान. भांडं उथळ हवं, आत एक दगड हवा, म्हणजे पडलेल्या पिल्लाला किंवा मधमाशीला बाहेर येता येतं. सावलीत ठेवा, पण झुडपाला चिकटून नको. मांजर तिथंच दबा धरतं.

भांडं रोज घासा. ही टापटीप झाली म्हणून सांगत नाही. इंग्लंडमध्ये घरोघरी पाखरांना दाणे टांगायची फार जुनी हौस आहे. तिथं 2005 पासून घशाचा एक रोग पसरला आणि हिरव्या फिंच पक्ष्यांची संख्या झपाट्यानं घसरली. एकाच भांड्यात अनेक चोची बुडाल्या की रोग एकाकडून दुसऱ्याकडं जातो. प्रेमानं मांडलेलं ताटच त्याचं वाहन होतं.

वानरांना गूळ-चणे द्यावेत का? शेवटी ती मारुतीची!

नांदुऱ्याला हमरस्त्याकडेला 105 फुटांची हनुमानाची मूर्ती उभी असताना हा प्रश्न अवघड आहे, तरी उत्तर नाही असंच. काळ्या तोंडाचं वानर मुळात पाला खाणारं. त्याचं पोट गुरांसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, आत पाला आंबवून पचवला जातो. त्यात गूळ, पोळी, पेढे पडले की गुरानं जास्त धान्य खाल्ल्यावर होतं तेच होतं. दुसरं असं की, हातून घ्यायची सवय लागलेलं वानर पुढं हातातून ओढून घेतं, आणि मग त्याच गावात त्याच्यावर दगड उचलले जातात. तिसरं तुमच्या गावापुरतं : वडनेर भोलजी राष्ट्रीय महामार्गावर आहे. गाडीच्या काचेतून केळं फेकणारा पुण्य मिळवून निघून जातो. केळ्याच्या आशेनं रस्त्यावर बसलेलं वानर मागच्या ट्रकखाली येतं. वानरांसाठी काही करायचंच असेल तर बांधावरचे उंबर, चिंच, बोर तोडू नका.

आणि मुंगूस?

त्याला काही देऊ नका. उंदीर, सरडे, किडे, अंडी असं त्याचं जेवण ते स्वतः मिळवतं, आणि तुमचं अंगण राखतं ते त्यामुळंच. नागाच्या विषाचा त्याच्यावर इतरांपेक्षा कमी परिणाम होतो हे खरं. त्याच्या स्नायूंतल्या ज्या जागी विष जाऊन बसायला हवं, त्या जागेची घडणच वेगळी असते. पण विष त्याला अजिबात बाधत नाही असं नाही, जिंकतं ते मुख्यतः चपळाईनं. रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला लावणं एवढी एकच खोडी मुलांना करू द्या. मुंगूस पकडणं किंवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

शेजाऱ्यांच्या भीतीतलं आणखी एक सांगतो. उष्टं-खरकटं अंगणाबाहेर टाकून ‘कोणी तरी खाईल’ असं म्हणू नका. ते खायला आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी शेतशिवारात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. तुमच्या जिल्ह्यात ज्ञानगंगेचं अभयारण्य आहे, तिथं बिबटे आहेत, अस्वलं आहेत. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ 1,300 किलोमीटर चालून 2019 च्या अखेरीस तिथं पोचला होता. वाटेत त्याला किती शेतं आणि गावं लागली असतील! रानातली वाट आपल्या दारावरून जाते हे विदर्भात नवं नाही. तिथं खाणं मांडून ठेवू नये, एवढंच.

तर नियम सोपे : हातानं भरवायचं नाही, घरात बोलवायचं नाही, नाव ठेवून लळा लावायचा नाही. दाणा टाका आणि दहा पावलं मागं येऊन ओसरीवर बसा. कोणी चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि हळद लावत न बसता आरोग्य केंद्र गाठा. जखमी प्राणी दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. तिथं मोर अंगणापर्यंत येतात. त्या गावाच्या नावात मोराशेजारी चिंच आहे हे विसरू नका. दाणे टाकणारा हात एखाद दिवस गावाला जातो, झाड कुठं जात नाही. म्हणून आईला मूठभर दाणे टाकू द्या, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून रोज सांजेला अंगण झाडून घ्या, आणि या पावसाळ्यात बांधावर एक उंबर लावा.

नातीला मात्र एक वही द्या. 5 ते 12 नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठ दिवसांत कोण आलं, किती वाजता आलं, काय खाल्लं, हे तिनं लिहावं आणि यादी आम्हाला पाठवावी. पट्टे मोजणारी मुलगी आहे, तिची नोंद आम्ही जपून ठेवू.