अंडरकटवरचा वाद

त्रयस्थ तपासनीस, म्हणजे शॉपमधल्या भाषेत टीपीआय, हा मालकाने नेमलेला असतो. ड्रॉइंग, कोड आणि मंजूर क्वालिटी प्लॅन यांना जॉब धरून आहे की नाही, एवढेच त्याने पाहायचे असते. नवा निकष घालण्याचा अधिकार त्याला नसतो आणि असलेला सैल करण्याचाही नसतो. फॅब्रिकेटरलाही हेच लागू पडते. वेल्डवरचे बहुतेक वाद पेटतात ते दोघेही आठवणीतला आकडा कोड म्हणून सांगू लागतात तेव्हा.

अंडरकट हे अशा वादाचे नेहमीचे कारण. करंट जास्त झाला, आर्क लांब धरला किंवा हात घाईने चालला, की वेल्डच्या कडेचा मूळ पत्रा वितळतो आणि ती जागा भरून येत नाही. तिथे खाच राहते. टॉर्च तिरपी धरली की तिची सावली पडते आणि अर्ध्या मिलिमीटरची खाच दीड मिलिमीटरची वाटते. डोळ्यावर निकाल देऊ नये तो यासाठीच.

प्रस्तुत लेखक असाच एक वाद अर्धा जिंकून पूर्ण हरला आहे. जॉब क्रेनच्या गॅन्ट्री गर्डरचा होता आणि करारात अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी१.१ हा कोड होता. तपासनिसाने पिवळ्या खडूने आठ जागा मारल्या: सहा वेब आणि फ्लँज जोडणाऱ्या लांब फिलेटवर, दोन स्टिफनरच्या खालच्या टोकाला. लेखकाने खिशातले गेज लावले. सहा जागी ०.६ मिलिमीटर आले, दोन जागी ०.५. ‘‘एक मिलिमीटरपर्यंत चालतं, साहेब.’’ ‘‘मला नाही चालत.’’ पुस्तक दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हते. अर्धा तास वेल्डर आणि फिटर यांच्यादेखत हमरीतुमरी झाली आणि शेवटी लेखकाने रागाच्या भरात आठही जागी रिपेअर मारायला सांगितले.

संध्याकाळी कोड उघडला तेव्हा दोघेही चुकलेले निघाले. स्थिर भाराच्या सांगाड्यात २५ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीला १ मिलिमीटर अंडरकट चालतो, हे लेखकाच्या डोक्यात पक्के बसले होते. पण क्रेन दिवसभर ये-जा करते, म्हणून गर्डरवरचा भार वारंवार बदलता धरतात; ड्रॉइंगच्या टिपांमध्ये तसे लिहिलेलेही होते. तिथे मुख्य भागात, वेल्ड ताणाच्या दिशेला आडवा असेल तर मर्यादा ०.२५ मिलिमीटर आणि इतरत्र १ मिलिमीटर. गर्डरमधला ताण लांबीच्या दिशेने जातो. फ्लँजचा लांब फिलेट त्याला समांतर, म्हणून त्या सहा जागा पास होत्या. स्टिफनरचा उभा फिलेट ताणाला आडवा, आणि खालच्या टोकाशी ताण भरपूर. त्या दोन जागा नापासच होत्या. एकाच गर्डरवर दोन निकष लागतात, हे ना तपासनिसाने पाहिले, ना लेखकाने.

तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. जाड पत्र्यावरचा तुटक, आखूड बीड पटकन थंड होऊन कडक होतो, आणि जिथे तो सुरू होतो व सुटतो तिथे खड्डा राहतो. सहा निर्दोष जागांपैकी दोन ठिकाणी रिपेअरच्या टोकाला नवा अंडरकट आला. आधीची मापे घेतली होती, पण लिहिली नव्हती. खाचाही बुजल्या होत्या. सहा जागांचा खर्च मागायला हातात कागद उरला नाही. इन्स्पेक्शन नोटवर मात्र आठ रिजेक्शन आजही आहेत.

त्यामुळे मतभेद झाला की पहिले काम ग्राइंडर बंद ठेवण्याचे. जागेवर खूण करावी, स्लॅग आणि स्पॅटर साफ करावे, उजेड पुरेसा घ्यावा (एएसएमईच्या पाचव्या विभागात बारीक पाहणीसाठी किमान १००० लक्स सांगितले आहेत) आणि दोघांनी एकाच गेजने मापून आकडा तिथल्या तिथे लिहावा. गेज लागलेले असताना फोटो काढावा. ब्रिज कॅम गेजवर पाव मिलिमीटर वाचणे म्हणजे अंदाज करणे. तिथे टोकदार डायल गेज हवे.

मग कलम विचारावे. ‘‘हे कोणत्या कलमाखाली?’’ हा प्रश्न चारचौघांत उलटतपासणीसारखा ऐकू येतो, ऑफिसात चहा पिताना विचारला तर साधा वाटतो. तपासनिसाला माणसांसमोर माघार घ्यायला लावली की तो पुढच्या प्रत्येक जॉबवर खडू घेऊन येतो, हा अनुभव शॉपमधल्या बहुतेकांना आहे. कलमावरही एकमत झाले नाही तर प्रश्न डिझाइनच्या अभियंत्याकडे लेखी न्यावा. पर्यायी निकष मान्य करण्याचा अधिकार डी१.१ त्यालाच देतो. मालकाच्या वतीने तपासनीस ऐनवेळी करारात नसलेली अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफी मागू लागला तरी भांडू नये: त्याच कोडप्रमाणे ती करून द्यावी लागते आणि खर्च मालकाचा असतो, मात्र तीत ढोबळ दोष किंवा फसवणूक उघड झाली तर दुरुस्तीचा खर्च फॅब्रिकेटरवर येतो.

तडा हा वादाचा विषयच नाही. केवढाही आणि कुठेही असला तरी तो नापास.

इन्स्पेक्शन नोटवर सही नाकारून काही साधत नाही. सही करावी, पण तिच्याशेजारी मोजलेले माप, कलमाचा क्रमांक आणि ‘अभियंत्याच्या निर्णयाधीन’ एवढा शेरा स्वतःच्या हाताने लिहावा, आणि तपासनिसाची सही त्या शेऱ्याच्या खाली घ्यावी, वर नव्हे.