विहिरीतील पांढऱ्या ठिपक्याचा मासा : किलीफिशांची ओळख व वर्गीकरण

वर्धा जिल्ह्यात पावसाळा सरला की धाम, बोर व वणा या नद्यांस मिळणारे बहुतेक नाले आटू लागतात आणि त्यांच्या पात्रांत डोह व डबकी तेवढी मागे राहतात. हे संथ पाणी, ओलिताच्या विहिरी आणि अलीकडे ठिकठिकाणी झालेली शेततळी ही डासांच्या पैदाशीची स्थाने होत. हिवताप व हत्तीरोग यांचा जाच या भागातील शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. ऐन वेचणीच्या दिवसांत घरातील दोन माणसे तापाने अंथरुणास खिळली तर कापूस बोंडातच राहतो. म्हणून डासांच्या अळ्या खाणाऱ्या एका लहानशा देशी माशाची नीट ओळख करून घेणे शेतकऱ्यास उपयुक्त ठरेल.

या माशास शास्त्रज्ञ ‘अप्लोकायलस’ या प्रजातीत घालतात. त्याची ओळख पटविण्यास भिंगाची गरज नाही. डोके वरून चपटे असते, तोंड वरच्या बाजूस वळलेले असते आणि पाठीवरचा एकुलता लहान पर शेपटीच्या अगदी जवळ असतो. ही सारी ठेवण पाण्याच्या पृष्ठभागालगत तरंगत भक्ष्य टिपण्यासाठी झालेली आहे. हिवतापाच्या डासांच्या अळ्या पृष्ठभागास समांतर पडून राहतात, त्यामुळे त्या या माशास सहज सापडतात. विहिरीत वाकून पाहिले असता प्रथम डोळ्यांत भरतो तो त्याच्या माथ्यावरील चकाकणारा पांढरा ठिपका.

या प्रजातीतील सर्वांत मोठी जाती ‘लिनिएटस’ ही होय. तिची लांबी सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत जाते. नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतात. मादीच्या अंगावर काळे उभे पट्टे अधिक ठळक असून पाठीच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने १८४६ साली हिचे वर्णन केले ते मुंबईच्या नमुन्यांवरून, म्हणजे ही जाती शास्त्राच्या दप्तरी चढली ती महाराष्ट्राच्या नावाने. दुसरी जाती ‘पँचॅक्स’. हिचे वर्णन हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातून १८२२ साली केले व तिचे नाव बंगाली बोलीतून उचलले. हिच्या नर व मादी दोहोंच्याही पाठीच्या परावर काळा डाग असतो. ‘ब्लॉकी’ ही दक्षिणेकडील जाती यांहून पुष्कळच लहान आहे.

वर्गीकरणाचा प्रश्न येथे केवळ नावांचा नाही. किलीफिशांचा गण फार मोठा असून त्यात परदेशांतून आलेले गप्पी व गंबुसिया हे मासेही मोडतात. १९८१ साली लिन पॅरेंटी या विदुषीने या गणाचे दोन उपगण केले. अप्लोकायलस एका उपगणात पडतो, गप्पी व गंबुसिया दुसऱ्यात. शेतकऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा फरक असा की, अप्लोकायलस अंडी घालतो व ती पाणवनस्पतींना चिकटवितो, तर गप्पी व गंबुसिया थेट पिलांना जन्म देतात. आपल्या माशाचे जवळचे आप्त मादागास्कर व सेशेल्स बेटांवर आहेत. आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील काही किलीफिश तर डबके आटल्यावर मरून जातात, त्यांची अंडी चिखलात जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. आपल्याकडील माशास ही विद्या अवगत नाही. नाला कोरडा पडला की तेथील वंश संपला. म्हणून बारमाही डोह व विहिरी हेच त्याचे बियाणे होय.

वर्गीकरण कसे बदलत जाते याचे एक उदाहरण मुंबई किनाऱ्याचेच आहे. चं. वि. कुळकर्णी यांनी १९४० साली तेथील खाड्यांतून जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक माशाचे वर्णन केले व त्यास ‘होराइक्थिस सेटनाय’ असे नाव दिले. त्या काळी तो किलीफिशांपैकीच एका नव्या कुळाचा प्रतिनिधी गणला गेला. पुढे शरीररचनेचा बारकाईने अभ्यास झाल्यावर तो व त्याचे सगेसोयरे या गणातून बाहेर काढण्यात आले आणि आज त्यांची गणना सुईसारख्या लांब चोचीच्या माशांच्या गणात होते. बाह्य साम्यावर विसंबणे कसे फसवे असते हे यावरून दिसते.

आता व्यवहाराकडे वळू. गंबुसिया हा उत्तर अमेरिकेतील मासा भारतात १९२८ साली आणला गेला. तो अळ्या खातो हे खरे, परंतु देशी माशांची अंडी व पिलेही खातो. नदीनाल्यात तो सोडणे म्हणजे घरच्या रोपांवर परक्याची गुरे सोडण्यासारखे आहे. गप्पी घाण पाण्यातही तग धरतो, तेव्हा बंदिस्त गटारात किंवा टाक्यात त्याचा उपयोग होतो. स्वच्छ पाण्याच्या ओलिताच्या विहिरीस मात्र देशी मासा अधिक योग्य. तो जवळच्याच ओढ्यातून आणावा. शोभेच्या दुकानातील पिवळा सोनेरी वाण याच जातीचा असला तरी तो विहिरीत सोडू नये. हा मासा उडी मारण्यात पटाईत आहे, म्हणून नेताना भांड्याच्या तोंडास फडके बांधावे. नर व मादी मिळून दहा-बारा मासे पुरेत. भांडे थोडा वेळ विहिरीच्या पाण्यात तरंगत ठेवून मगच मासे मोकळे करावेत. पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते, तेथे ते जगणार नाहीत. डेंग्यूचा डास घरातील रांजण, कूलर व टाकाऊ टायर यांत वाढतो. त्यावर उपाय एकच, आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी करणे.

मत्स्यबीज वाढविणाऱ्यांनी मात्र याच माशास शत्रू समजावे. कटला, रोहू, मृगळ यांचे जिरे काही मिलिमीटरच लांब असते व हा मासा ते फस्त करतो. संगोपन तळे उन्हाळ्यात पूर्ण वाळविणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. ते शक्य नसल्यास हेक्टरी २,००० ते २,५०० किलो मोहाची पेंड टाकतात. तिचे विष ओसरण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, तोवर बीज सोडू नये.

शेवटी फवारणीविषयी. कपाशीवर वापरली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. फवारणीचा पंप नाल्यावर वा विहिरीच्या काठी धुतला की मासे मरतात, परंतु डास नव्याने येऊन त्याच पाण्यात अंडी घालतात. पंप धुतलेले पाणी त्याच शेताच्या कोरड्या भागात, विहीर व नाला यांपासून दूर ओतावे आणि औषधाचे रिकामे डबे भोके पाडून निकामी करावेत.