बाटलीकडून आईच्या दुधाकडे

अतिदक्षता विभागातून घरी आलेले बाळ बाटलीने दूध पिते, पण अंगावर घेतले की रडते. ‘आईला दूधच नाही,’ असे घरचे म्हणू लागतात. वस्तुत: बाटलीतले दूध आयते तोंडात गळते, अंगावरचे दूध जबडा हलवून ओढावे लागते. हे कसब बाळाला शिकायचे असते.

बाळाला फक्त लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे. रडण्यापूर्वीच, ते तोंड वळवून शोधू लागताच पाजावे. केवळ बोंडी नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. उपाशी ठेवून सक्ती करू नये. पोट भरेपर्यंतचे दूध पिळून काढून वाटी-चमच्याने द्यावे. दिवसरात्रीत किमान ८ वेळा दूध काढले किंवा पाजले, तर ते आटत नाही. वरचे दूध चालू असल्यास वजन पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावे.

नागपूरच्या उन्हाळ्यातही ६ महिन्यांपर्यंत पाणी पाजू नये. २४ तासांत ६ वेळा लघवी होऊन वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. बाळ सुस्त पडले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी मेडिकल, मेयो, डागा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे.